ग्रिपरची फाईल द्यावी की नाही?

शालेय रोबोटिक्स : वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की स्पर्धांचे अर्ज निघतात आणि माझ्याकडची पत्रं वाढतात. या वेळी शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रं दोनच गोष्टींभोवती फिरतात. आपण केलेलं काम दुसऱ्याला किती द्यायचं, आणि मोठ्यांनी मुलांच्या कामात किती हात घालायचा. मोटर कुठली घ्यावी, सेन्सर कुठला चांगला, हे प्रश्न म्हणून पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. अशोक चौकाजवळ राहते. आमच्या शाळेच्या टीमने लाकडी ठोकळे उचलणारा ग्रिपर बनवलाय. जानेवारीत पुण्याला आंतरशालेय स्पर्धा आहे. विज्ञान प्रदर्शनात भेटलेली बार्शीची टीम आमच्याच गटात उतरणार आहे आणि त्यांनी ग्रिपरच्या डिझाईनची, थ्री-डी प्रिंटरवर छापायची फाईल मागितली. मला द्यावीशी वाटते. टीममधले दोघं म्हणतात, दिलीस तर आम्ही टीम सोडू. सर म्हणतात, स्पर्धा झाल्यावर दे. काय करू?

उत्तर : फाईल दे, आणि स्पर्धेच्या आधीच दे. मात्र टीमच्या मनाविरुद्ध देऊ नकोस आणि त्याआधी तुमच्या स्पर्धेचं नियमपुस्तक एकदा नीट वाच.

नियमांचं आधी सांगते, कारण सगळीकडे एकच नियम नसतो. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिची मोठ्या मुलांसाठीची रोबोटिक्स स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ टीम घेऊन सुरू झाली. त्या स्पर्धेत आता असा नियम आहे, की हंगाम सुरू होण्याआधी केलेलं डिझाईन किंवा प्रोग्रॅम वापरायचा असेल, तर तो हंगामाआधीच सगळ्यांना बघता येईल असा जाहीर केलेला हवा. म्हणजे गेल्या वर्षीचं काम कपाटात लपवून ठेवलं, तर ते तुम्हाला स्वतःलाही वापरता येत नाही. मला हा नियम फार आवडतो. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भर वेगळ्या गोष्टीवर आहे. तिथे रोबोट आणि प्रोग्रॅम टीमचं स्वतःचं काम असलं पाहिजे, आणि विकत मिळणाऱ्या किंवा दुसऱ्या टीमच्या रोबोटशी फार जुळणाऱ्या रोबोटवर परीक्षक बोट ठेवू शकतात. तुमच्या पुण्याच्या स्पर्धेचा नियम असा असेल, तर जशीच्या तशी छापायला फाईल देणं म्हणजे बार्शीच्या मुलांनाच अडचणीत आणणं. मग ग्रिपर कसा चालतो ते दाखवा, मापं त्यांची त्यांना काढू द्या. नियम वाचूनही उलगडा झाला नाही तर सरांकडून आयोजकांना दोन ओळींची मेल जाऊ दे.

आता टीममधल्या त्या दोघांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी रात्री जागून काम केलंय आणि ते आयतं दुसऱ्याच्या हातात जाईल याचं त्यांना वाईट वाटतंय. त्यात स्वार्थापेक्षा कामाबद्दलची माया जास्त आहे. त्यांना मी जे सांगितलं असतं ते इथे लिहिते. हे पान त्यांना वाचायला दे.

माझे वडील सोलापुरी चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे. आलेखाच्या कागदावर मोर किंवा कमळ काढायचं, चौकोन मोजायचे, एकेक कार्ड भोकं पाडून तयार करायचं आणि दोऱ्याने ओवून त्याची माळ मागावर चढवायची. डिझाईन पळवलं जाईल ही भीती त्या धंद्यात कायमची. पण कार्डांची माळ दुसऱ्याच्या मागावर चढवली, आणि तिथे हुकांची संख्या निराळी असली, फणी निराळी असली, सुताचा नंबर आणि ताण निराळा असला, की मोराची मान आखूड व्हायची नाहीतर पिसारा एका बाजूला ओढला जायचा. तो सरळ करायला माग ओळखणारा माणूस लागायचा. तुमच्या ग्रिपरची फाईल ही ती माळ आहे. बार्शीच्या टीमची मोटर वेगळी, ग्रिपर उघडमिट करणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो वेगळा, चेसिसची म्हणजे सांगाड्याची उंची वेगळी. त्यांना तो ग्रिपर स्वतःच्या रोबोटवर बसवताना तुमच्याइतकाच विचार करावा लागणार आहे. आणि सामना सुरू असताना बोटातून ठोकळा निसटायला लागला, तर काय सैल झालंय हे तुमच्या हातांना कळेल. ते ज्ञान फाईलबरोबर कुठेही जात नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या शाळेतला थ्री-डी प्रिंटर आणि प्रोग्रॅम चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड हे कुठून आले? आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि त्याची सर्किटची रेखाचित्रं बनवणाऱ्यांनी खुली ठेवली, म्हणून आज साध्या दुकानात त्याच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बॉयर यांनी ‘रेपरॅप’ हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणारा प्रिंटर बनवायचा आणि त्याचं सगळं डिझाईन जगाला द्यायचं. घरगुती प्रिंटर आज शाळांना परवडतात, त्यामागे हे काम मोठं आहे. तुमचा ग्रिपर ज्या यंत्रावर छापला गेला, त्याचं मूळ डिझाईन कुणीतरी असंच मागणाऱ्याला देऊन टाकलेलं आहे.

आणखी एक, स्पर्धेच्या व्यवहारातलं. ‘फर्स्ट’च्याच ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेत दोन टीम विरुद्ध दोन टीम असा सामना होतो. साखळी फेऱ्यांत जोडीदार कोण हे टीमच्या हातात नसतं. सकाळी जिच्याविरुद्ध खेळलात, तीच दुपारी तुमची जोडीदार. तिचा रोबोट मधेच बंद पडला तर तुमचेही गुण गेले. शेवटच्या फेऱ्यांसाठी वरच्या क्रमांकाच्या टीम आपले जोडीदार स्वतः निवडतात, आणि तेव्हा कोणी कुणाला मदत केली हे सगळ्यांच्या लक्षात असतं. तिथली मंडळी याला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ म्हणतात. जीव तोडून खेळायचं, पण समोरच्याच्या रोबोटला स्क्रू कमी पडला तर आपल्या डबीतला काढून द्यायचा. तुमची पुण्याची स्पर्धा एकास एक असेल, तरी पुढच्या वर्षी तीच मुलं भेटणार आहेत.

कसं द्यायचं ते आता सविस्तर सांगते, कारण बहुतेक टीम इथेच कमी पडतात. नुसती एसटीएल फाईल पाठवून काम होत नाही. एसटीएल म्हणजे फक्त बाहेरचं कवच, त्यात माप बदलणं महाकठीण. जिच्यात तुम्ही रेखाटन केलं ती मूळ कॅड फाईल द्या, आणि त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं असेल म्हणून सोबत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी स्टेप फाईल. पट्टी शेजारी ठेवून काढलेले दोनतीन फोटो. स्क्रू कोणते, एम-३ असतील तर किती लांबीचे. सर्व्हो कुठल्या कंपनीचा, कारण त्याच्या शाफ्टवरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते आणि शाफ्टवर चढवायचा दांडा, म्हणजे हॉर्न, बसत नाही. ग्रिपरची बोटं आडवी ठेवून छापलीत की उभी? हे नक्की लिहा. उभी छापली तर थर एकमेकांपासून सुटतात आणि बोट मुळाशी तुटतं. पकड यावी म्हणून तुम्ही बोटांना आतून काही लावलं असेल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा म्हणा किंवा स्पंज, तर ते कशाने चिकटवलं तेही लिहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय जमलं नाही ते लिहा. पहिला ग्रिपर का टाकून दिला? गिअर का घसरले? हे पान त्या दोघांनाच लिहायला सांग. आपण किती वळणं घेऊन इथवर आलो हे लिहिता लिहिता त्यांना स्वतःलाच दिसेल, आणि परीक्षकांपुढे बोलताना हेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. मराठीत लिहा. बार्शीची मुलं ते वाचून माढ्याच्या, करमाळ्याच्या मुलांना देतील. इंग्रजीतलं साहित्य जगात भरपूर आहे, पण सर्व्होची वायर कुठली कुठे लावायची हे स्वच्छ मराठीत सांगणारं फार थोडं आहे.

आपल्याकडच्या हवेची एक नोंद त्यात जरूर घाला. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्याहून जास्त तापतं. ग्रिपर मागच्या काचेजवळ ठेवला तर तासाभरात बोटं वाकडी झालेली मिळतील. उन्हाळ्यात न्यायचा असेल तर पेटजी या प्लॅस्टिकमध्ये छापा, तो जास्त तग धरतो.

आणि हो, सगळंच द्यायला पाहिजे असं नाही. मैदानावर कुठला ठोकळा आधी उचलायचा, कुठल्या वाटेने जायचं, ही तुमची चाल तुमच्यापाशी राहू दे. त्यात काही गैर नाही. सरांना माझा नमस्कार सांग. स्पर्धेनंतर दिलेली फाईलही चांगलीच, पण बार्शीच्या मुलांना ती आत्ता हवी आहे आणि आत्ता दिली तर स्पर्धेत दोन चांगले रोबोट उतरतील. टीमने अखेर नाही म्हटलं तर तेही मान. मग बार्शीच्या टीमला एका रविवारी शाळेत बोलवा आणि ग्रिपर हातात घेऊन बघू द्या.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. जुळे सोलापुरातल्या एका रोबोटिक्स क्लासला जातो. गेल्या स्पर्धेत त्याच्या टीमला पदक मिळालं. पण परीक्षकांनी प्रश्न विचारला तेव्हा तिन्ही मुलं गप्प, आणि क्लासचे सर मागून उत्तरं सांगत होते. प्रोग्रॅम सरांनीच लिहिला, हे मुलगा घरी कबूल करतो. फी भरली आहे, पदकही मिळालंय, तरी मनाला पटत नाही. मी उगाच ताणतोय का? – एक वडील

उत्तर : नाही. तुम्हाला पटत नाहीये हे बरोबर आहे, आणि जगभरातल्या आयोजकांना हेच वाटतं. व्हेक्स या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धांमध्ये ‘विद्यार्थीकेंद्री’ धोरण लेखी आहे. डिझाईन, बांधणी आणि प्रोग्रॅम मुलांनी करायचा, मोठ्यांनी शिकवायचं आणि सुरक्षितता बघायची. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडच्या रोबोमिशन गटात स्पर्धेच्या दिवशी एक अचानक नियम जाहीर होतो. त्यानुसार मुलांना जागेवर बदल करावा लागतो, आणि त्या वेळी प्रशिक्षकाला टीमच्या जागेत प्रवेश नसतो. अशा वेळी सरांच्या हातचा प्रोग्रॅम घेऊन बसलेली मुलं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. आठवीतल्या मुलावर ही वेळ आणणं मला क्रूरपणाचं वाटतं.

एक भेद मात्र लक्षात घ्या. मोठ्या माणसाने रोबोटला हात लावला म्हणजे पाप झालं, असं नाही. ‘फर्स्ट’च्या मोठ्या गटात, तो शंभर पौंडांवरचा रोबोट बांधताना, अभियंते आणि मुलं खांद्याला खांदा लावून काम करतात आणि ते मान्यच आहे. बघायचं ते हे, की डोकं कुणाचं चाललं. क्लासच्या सरांनी एखादा प्रोग्रॅम लिहून दाखवला, मग तो पुसून मुलांना लिहायला लावला, तर ती उत्तम शिकवणी.

घरी एक करून बघा. मुलाला रोबोट घेऊन बसवा आणि म्हणा, हा डावीकडे वळतो त्याऐवजी उजवीकडे वळव. वेळ लागला तरी चालेल. त्याला प्रोग्रॅममध्ये नेमकं कुठे जायचं हे माहीत असेल, तर तो शिकलाय. माहीत नसेल तर सरांना एकटं गाठून, मुलासमोर नाही, शांतपणे सांगा की आम्हाला पुढच्या वेळी पदक नसलं तरी चालेल, प्रोग्रॅम मुलांनी लिहिलेला हवा. क्लासवाल्यांवर पालकांकडून उलटा दबाव असतो. फी भरली, बक्षीस कुठंय, असं विचारणारे पुष्कळ. तुमच्यासारखं सांगणारे चार पालक भेटले तर बऱ्याच सरांना हायसंच वाटेल. सांगूनही ऐकलं नाही तर क्लास बदला. आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पदकाऐवजी, त्याने स्वतः जोडलेलं काही असेल, दोन वायरींचा दिवा का असेना, ते दाखवा.

प्रश्न : ताई, मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं गाव मोहोळ तालुक्यात. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांची टीम करावी असं मनात आहे. मुख्याध्यापक तयार आहेत. मला येतं बरंच, पण शिकवायचं कसं ते कळत नाही.

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. अमेरिकेतल्या एमआयटीमधले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स ‘फर्स्ट’च्या उभारणीत डीन केमेन यांच्याबरोबर होते. त्यांच्या नावाने १९९६ पासून मेंटरना, म्हणजे टीमला मार्गदर्शन करणाऱ्या मोठ्यांना, पुरस्कार दिला जातो आणि त्यासाठी नाव सुचवतात ते विद्यार्थी. मुलांनी लिहिलेल्या पानाला तिथे मोल आहे. तू शाळेत गेलास की तुझेही परीक्षक तीच सहावी-सातवीची मुलं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप काढू नकोस. बॅटरीवर चालणारी छोटी पिवळी बीओ मोटर, बॅटरी आणि दोन वायरी, एवढंच प्रत्येक जोडीला दे. मोटर फिरली की वायरी उलट्या लावून बघा म्हण. पोरं ओरडतील, उलटी फिरली! तिथून पुढे दिशा, वेग, चाक, सगळं त्यांच्याच प्रश्नांतून येतं.

तुला येतं बरंच, असं तू लिहिलंस. खरी कसोटी तिथेच आहे. मी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि आता शाळांमध्ये जाते तेव्हाही एक प्रसंग नेहमी बघते, तो तुला सांगते. एक मुलगा रोबोट घेऊन आला. “बाई, मोटर जोरात फिरत नाही. बॅटरी खराब आहे.” दोन लिथियम सेल, मोटरला वीज पुरवणारा एल-२९८-एन ड्रायव्हर, सहा व्होल्टच्या मोटरी. मला बघताक्षणी कळलं होतं. मी मल्टिमीटर त्याच्या हातात दिला. “बॅटरीवर किती येतात ते बघ.” त्याने लाल-काळी टोकं टेकवली. सात पॉइंट चार. “आता मोटरच्या टोकांवर बघ.” पाच पॉइंट तीन. तो परत बॅटरीवर गेला, परत मोटरवर आला. टोकं नीट टेकली नाहीत असं वाटून त्याने ती शर्टाला पुसली. पुन्हा तेच. मग ड्रायव्हरच्या काळ्या पत्र्याला चुकून बोट लागलं आणि त्याने हात मागे घेतला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, दोन व्होल्ट हा खातोय आणि गरम होतोय?”

मी आधीच ‘अरे, या ड्रायव्हरमध्ये जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत, दोनेक व्होल्ट तिथेच पडतात, टीबी-६६१२ लाव’ असं सांगितलं असतं, तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं आणि त्याला एका चिपचं नाव पाठ झालं असतं. आता त्याला गळती कशी शोधायची ते आलं. घरातला मिक्सर असो नाहीतर शेतातली मोटर, तो आता दोन्ही टोकांना मोजून बघणार. तेव्हा तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर कमी आणि प्रश्न जास्त असू दे. ‘इथे किती यायला पाहिजे?’, ‘मोजलंस का?’, ‘कालपासून काय बदललं?’ उत्तर माहीत असताना गप्प बसणं जड जातं, पण ते करायचं. अपवाद एकच, धोका दिसला तर लगेच हात घाल. लिथियम सेलची टोकं एकमेकांना टेकताहेत, सेल फुगलाय, कुणी साधा अडॅप्टर थेट सेलला जोडतंय, तिथे प्रश्न विचारत बसू नकोस. सेल त्यांच्याच चार्जरवर, कुणीतरी समोर असतानाच चार्ज करायचे. वीज जाते-येते म्हणून रात्रभर शाळेत लावून निघून जायचं नाही.

मुलींकडे मुद्दाम लक्ष दे. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी टीममध्ये हे झालंय. पहिल्या आठवड्यात सगळे मोटरभोवती, चौथ्या आठवड्यात मुलगे मोटरभोवती आणि मुली चार्ट रंगवताहेत. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं, आणि म्हणूनच ते थांबवावं लागतं. दर आठवड्याला काम बदल. या शनिवारी जिने वायरिंग केलं ती पुढच्या शनिवारी प्रोग्रॅम करेल, आणि चार्ट मुलगे रंगवतील. अक्षर कसंही येऊ दे.

शाळेतले शिक्षक किंवा एखादे पालक हजर असल्याशिवाय वर्ग घेऊ नकोस. मुलांशी फोनवर वेगळं बोलणं नको, निरोप पालकांच्या गटावर. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. चांगल्या संस्थांमध्ये मेंटरसाठी असे बालसुरक्षेचे नियम असतातच, आणि ते मुलांइतकेच तुझ्याही भल्याचे आहेत.

साहित्याचं म्हणशील तर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे. तालुक्यात कुठल्या शाळेत अशी लॅब आहे ते मुख्याध्यापकांना विचारायला सांग. प्रिंटर तिथला वापरता आला तर तुमच्या पैशांत मोटरी येतील. पण लॅब नाही म्हणून थांबू नकोस. चेसिस पुठ्ठ्याचा किंवा जुन्या स्विचबोर्डच्या सनमायकाचाही होतो.

आणि तुझं सहावं-सातवं सेमिस्टर आलं की तुझं गावी जाणं कमी होईल. त्याची तयारी पहिल्या वर्षीच कर. जी मुलं आठवीत जातील त्यांना पुढच्या सहावीला शिकवायला लाव, तू मागे बस. टीमची एक वही शाळेतच राहू दे. कुठली वायर कुठे, काय बिघडलं, कसं सापडलं, तारीख घालून, मुलांच्या हस्ताक्षरात.

प्रश्न : इंटरनेटवर मिळालेलं डिझाईन मुलांनी वापरलं तर ती नक्कल ठरते का? – विज्ञान शिक्षक, पंढरपूर

उत्तर : कुठून घेतलं ते लिहिलं, मूळ कर्त्याच्या परवान्यात बसत असलं, आणि स्पर्धेचा नियम परवानगी देत असला, तर नाही. परवाना बहुधा फाईलबरोबर लिहिलेला असतो. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय’ हा खुला परवाना असेल तर मूळ नाव देऊन वापरा, बदला. त्यापुढे ‘एनसी’ असेल तर विकू नका. ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती वाटू नका. काहीच लिहिलेलं नसेल तर मोकळीक आहे असं धरू नका, कर्त्याला विचारा. मी मुलांना आणखी एक अट घालते. घेतलेल्या डिझाईनमधला एक तरी भाग बदलून दाखवायचा आणि तो का बदलला ते सांगायचं. चाकाचा व्यास बदलला तर वेग किती बदलेल, हे ज्याला काढता आलं त्याच्या हातात ते डिझाईन शोभतं. प्रदर्शनाच्या तक्त्यावर ‘मूळ डिझाईन अमुक यांचं, बदल आमचा’ अशी ओळ ठळक लिहायला लावा. ती वाचून परीक्षक खूश होतात, हे मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचा छोटा कारखाना आहे. अकरावीतल्या मुलीने रोबोटिक्स टीमबरोबर सूत तुटलं की माग थांबवणारं सेन्सरचं यंत्र केलंय. तिला ते सगळ्यांना मोफत द्यायचंय. मला वाटतं पेटंट घ्यावं. दोन्ही जमेल का?

उत्तर : जमेल, पण क्रम चुकवू नका. आपल्या पेटंट कायद्यात शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाआधी तो उघड झाला की नवेपणा जातो. काही ठरावीक प्रदर्शनांसाठी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. अर्ज झाला की मग फाईल खुशाल वाटा. पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, आणि पेटंट असूनही ‘शाळांनी, छोट्या कारखान्यांनी मोफत वापरा’ असं तुम्ही म्हणू शकता.

पण अर्जावर पैसे घालण्याआधी शोध घ्या. ताण्याचा दोरा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा मोठ्या मागांवर फार वर्षांपासून आहे. दोऱ्यावर टांगलेली धातूची पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. तुमच्या मुलीचं त्याहून वेगळं काय आहे? तिचं यंत्र स्वस्त असेल, जुन्या मागाला बसणारं असेल, फोनवर खबर देणारं असेल. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज मोफत शोधता येतात. हे काम तिलाच करू द्या. नवं काही निघालं नाही, तर पेटंटचा विचार सोडून तिच्या मनासारखं सगळं खुलं करा.

प्रकाशाचा सेन्सर वापरला असेल तर एक बघा. मागाजवळ सुताचा बारीक कोंडा सतत उडत असतो, तो काचेवर बसला की सेन्सरला दोरा दिसेनासा होतो. स्पर्धेच्या स्वच्छ टेबलावर हे कळणार नाही. तुमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरना तिच्यासोबत मागाजवळ दोन तास थांबायला सांगा. सेन्सर कुठे बसवला तर कोंडा कमी बसेल आणि साफ करायला हात पोचेल, हे त्यांना जितकं कळतं तितकं मला कळणार नाही. त्यांचं नाव त्या फाईलमध्ये तिच्या नावाशेजारी येऊ द्या.